घरच्या कॉम्प्युटरसाठी फुकटातला मेल प्रोग्रॅम: कोणता घ्यावा, कसा बसवावा

विंडोज १० बरोबर 'मेल' नावाचं एक साधंसुधं पाकीट, म्हणजे मेल वाचण्या-पाठवण्याचा प्रोग्रॅम, यायचं. ३१ डिसेंबर २०२४ ला मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं आणि त्यातून मेल पाठवणं-मिळणं थांबलं. त्याआधी जानेवारी २०१७ मध्ये विंडोज लाइव्ह मेलचा आधार मायक्रोसॉफ्टने काढून घेतला होता. त्याच्याही आधी विंडोज एक्स्पीबरोबर आउटलुक एक्स्प्रेस गेलं. म्हणजे ज्याने वीस वर्षांपूर्वी घरी कॉम्प्युटर घेतला, त्याने एकाच कंपनीची तीन फुकट पाकिटं बंद पडताना पाहिली. म्हणून शेजारपाजारचं कोणी "एखादा चांगला मेल प्रोग्रॅम सांगा हो" म्हणत आलं, की मी त्याच्या रंगरूपाबद्दल बोलतच नाही. आधी विचारतो: हा प्रोग्रॅम उद्या बंद पडला, तर तुमच्या मेल कुठे असतील?

हा सगळा लेख त्याच प्रश्नाभोवती आहे. तांत्रिक काही येत नसलं तरी चालेल. टाइप करता येतं आणि माउस चालवता येतो, एवढं पुरे.

आधी हे ठरवा: लागतो का?

तुमचं एकच जीमेल खातं असेल, दिवसाला चार मेल येत असतील आणि त्या फोनवर वाचून होत असतील, तर हे सगळं करू नका. ब्राउझरमध्ये जीमेल उघडणं पुरेसं आहे. उगाच एक काम वाढवायचं कशाला?

लागतो तो अशांना: ज्यांची दोन-तीन खाती आहेत, म्हणजे एक स्वतःचं, एक सोसायटीच्या सचिवपदाचं, एक घरगुती व्यवसायाचं. ज्यांच्याकडे नेट अधूनमधून जातं आणि तरी जुनी मेल शोधावी लागते. ज्यांच्या जीमेलची १५ जीबी जागा भरत आलीय. (ही जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो अशा तिघांत मिळून असते, त्यामुळे लग्नाच्या व्हिडिओंनी ती भरते आणि मेल अडतात.) आणि ज्यांना वाटतं की पंचवीस वर्षांचा पत्रव्यवहार आपल्या घरातही असावा.

आयमॅप की पॉप?

मेल देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून, म्हणजे तिच्या कॉम्प्युटरवरून, मेल आपल्याकडे आणायच्या या दोन पद्धती. प्रोग्रॅम निवडण्याआधी हे समजून घ्या, कारण गोंधळ झाला की तो इथेच झालेला असतो.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा नेट तासांच्या हिशेबाने विकत घ्यायचं, आणि ते चालू असलं की घरचा फोन एंगेज. त्यामुळे रीत अशी होती: नेट जोडायचं, आलेल्या मेल खाली ओढून घ्यायच्या, नेट तोडायचं आणि मग चहा घेत निवांत वाचायचं. उत्तरं लिहून ठेवायची आणि पुढच्या वेळी जोडलं की एकदम पाठवायची. पॉप ही पद्धत अशाच घरांच्या सोयीची होती. पोस्टातून पत्र घरी आणलं, पोस्टात काही उरलं नाही.

आयमॅप म्हणजे बँकेचं पासबुक. पैसे बँकेत, नोंद तुमच्या हातात. फोन, लॅपटॉप, ऑफिसचा कॉम्प्युटर, तिन्हीकडे तेच पासबुक. फक्त एक फरक पक्का लक्षात ठेवा: या पासबुकातली ओळ खोडली तर बँकेतली रक्कमही जाते. कॉम्प्युटरवर डिलीट केलेली मेल फोनवरूनही नाहीशी होते, कारण मुळात ती एकच आहे.

माझ्या मावशीच्या कॉम्प्युटरवर मी एकदा हौसेने पॉप लावून दिलं. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण करायची राहिली. सहा वर्षांनी हार्ड डिस्क बसली. परदेशातल्या नातवंडांच्या सगळ्या मेल, फोटोंसकट, त्या एका डिस्कवर होत्या आणि दुसरीकडे कुठेच नव्हत्या. मावशी काही बोलली नाही, पण तेव्हापासून मी कुणालाही पॉप लावून दिलेलं नाही.

तर नव्याने सुरू करणाऱ्याने आयमॅपच घ्यावं. पॉप फक्त तेव्हा, जेव्हा मेल देणारी कंपनी दुसरं काही देतच नाही. आणि तसं असेल तर ती 'प्रत ठेवा'ची खूण आधी करा, मग पुढचं सगळं.

आता प्रोग्रॅम

*थंडरबर्ड.* दहापैकी आठ घरांना मी हाच सांगतो. मोझिलाचा, म्हणजे फायरफॉक्सवाल्यांचा. पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतो. हवी तेवढी खाती जोडा, पैसे कुठेच मागत नाही, जाहिरात नाही. खर्च लोकांच्या देणग्यांवर चालतो, त्यामुळे अधूनमधून देणगीची विनंती दिसते. ती बंद करून पुढे जाता येतं. कॅलेंडर आणि पत्त्यांची वहीही आतच आहे.

याला बुडवायचा प्रसंगही आला होता. २०१२ मध्ये मोझिलाने यावर फारसं काम करणार नाही असं जाहीर केलं होतं. पण प्रोग्रॅमचा कोड सर्वांसाठी खुला असल्यामुळे स्वयंसेवकांनी तो चालू ठेवला, आणि २०२० मध्ये त्याच्यासाठी मोझिला फाउंडेशनच्या छत्राखाली वेगळी कंपनी निघाली. २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीत चेहरामोहरा बदलला आणि २०२४ मध्ये अँड्रॉइडसाठीही थंडरबर्ड आला. मला यातली मुख्य गोष्ट वेगळीच वाटते. थंडरबर्ड तुमच्या मेल साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवतो, एका फोल्डरची एक फाइल. उद्या थंडरबर्ड राहिला नाही तरी त्या फाइली वाचणारे दुसरे प्रोग्रॅम आहेतच. बाहेर पडायचं दार उघडं आहे.

त्याचे दोष? सेटिंग्जचं जंगल आहे. पहिल्यांदा उघडल्यावर घाबरायला होतं. आणि खूप जुन्या मशीनवर तो सुस्तावतो.

*नवं आउटलुक.* विंडोज ११ मध्ये आधीपासून असतं, बंद पडलेल्या 'मेल'ची जागा यानेच घेतली. (ऑफिसबरोबर पैसे देऊन मिळणारं जुनं आउटलुक वेगळं. नाव एक, पण गोष्टी दोन.) दिसायला नीटनेटकं, वापरायला सोपं. दोन गोष्टी मात्र माहीत असू द्या. पैसे भरलेले नसतील तर इनबॉक्समध्ये मेलसारख्याच दिसणाऱ्या जाहिराती येतात, आणि वयस्कर माणसं त्यांवर क्लिक करतात. दुसरं, तुम्ही यात जीमेल किंवा याहूचं खातं जोडलं तर ते मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून फिरतं. तुमच्या मेलची एक प्रत तिथेही राहते. जोडताना तशी परवानगी विचारतात, पण आपण वाचतो कुठे? ज्याचं खातंच आउटलुक डॉट कॉमचं आहे, त्याला यात फरक पडत नाही. त्याने खुशाल वापरावं.

*ईएम क्लायंट.* चेक प्रजासत्ताकातल्या कंपनीचा. विंडोज आणि मॅकवर चालतो. दिसायला या सगळ्यांत देखणा, आणि आउटलुकची सवय असलेल्याला घरच्यासारखा वाटतो. फुकट परवाना फक्त घरगुती वापरासाठी आणि दोन खात्यांपुरता. म्हणजे डबे पुरवण्याचा किंवा शिकवणीचा व्यवसाय असेल तर नियमाने हा फुकट वापरता येत नाही. तिसरं खातं आलं की पैसे भरा. मेल तो स्वतःच्या साठ्यात ठेवतो, पण एकेक मेल सुट्ट्या फाइलच्या रूपाने बाहेर काढता येते, त्यामुळे अडकून पडत नाही.

*ॲपलचा मेल.* मॅक असेल तर तो आहेच. चांगला आहे. वेगळं काही करायची गरज नाही.

*लिनक्सवाले.* लिनक्स मिंटमध्ये थंडरबर्ड आधीच असतो, त्यामुळे प्रश्न मिटला. ग्नोम डेस्कटॉपवर एव्होल्यूशन आहे. ऑफिसचं एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची ऑफिसांसाठीची मेल व्यवस्था) खातं घरून बघायचं असेल तर तो उपयोगी पडतो. केडीई वापरणारे केमेल वापरतात. गिअरी अगदी हलका आणि साधा, पण फक्त आयमॅप. जुनाट, दोन जीबी रॅमच्या डबड्यासाठी मात्र माझी पसंती क्लॉज मेल. (तो विंडोजवरही मिळतो.) भलताच चपळ. रंगीत, सजवलेली मेल त्यातून लिहिता येत नाही, साधा मजकूरच जातो. मला तर हा गुणच वाटतो. प्रत्येक मेलची तो वेगळी फाइल करतो.

इथून पुढचं सगळं थंडरबर्ड धरून सांगतो. दुसरा घेतलात तरी क्रम हाच राहील.

पहिली पायरी: खातं तयार ठेवा

जुन्या पद्धतीने नुसता पासवर्ड टाकून आता जीमेल जोडता येत नाही. ३० मे २०२२ पासून गुगलने ते बंद केलं. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या घरगुती खात्यांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये तेच केलं. आता प्रोग्रॅम गुगलचीच एक खिडकी उघडतो, तुम्ही तिथे पासवर्ड टाकता, फोनवर आलेल्या सूचनेला 'हो' म्हणता आणि गुगल प्रोग्रॅमला एक परवाना देतं. पासवर्ड प्रोग्रॅमच्या हातात जातच नाही. हे चांगलंच आहे.

तुमचा प्रोग्रॅम जुना असेल आणि त्याला ही खिडकी उघडता येत नसेल, तर गुगल खात्यात 'ॲप पासवर्ड' बनवावा लागतो: सोळा अक्षरांचा, फक्त त्या प्रोग्रॅमपुरता. त्यासाठी दोन टप्प्यांची पडताळणी आधी चालू असावी लागते. तो पासवर्ड कुणी "मेल दुरुस्त करून देतो" म्हणून फोनवर मागितला, तर फोन ठेवून द्या. त्याच ओघात सांगतो: शोधयंत्रात "जीमेल हेल्पलाइन नंबर" शोधू नका. तिथे भामटे जाळं लावून बसलेले असतात आणि बोलता बोलता तुमचा स्क्रीन त्यांच्या ताब्यात देणारं ॲप टाकायला लावतात.

रेडिफमेल, केबलवाल्याने दिलेला पत्ता, शाळेचा पत्ता असं काही असेल, तर ते तुमच्या खात्याला आयमॅप देतात का हे आधी त्यांच्याच मदतीच्या पानावर बघा. आयमॅपही नाही आणि पॉपही नाही, असं निघालं तर या लेखातला कुठलाच प्रोग्रॅम कामाचा नाही.

दुसरी पायरी: बसवणं

थंडरबर्ड डॉट नेट या पत्त्यावरूनच उतरवा. शोधल्यावर सगळ्यांत वर 'जाहिरात' लिहिलेली जी साइट येते तिथून नको. विंडोज ७ किंवा ८ अजून चालवत असाल तर ११५ ही तुमच्यासाठीची शेवटची आवृत्ती. चालेल, पण त्या मशीनवर नेट वापरणंच आता जोखमीचं आहे.

उघडल्यावर नाव, ईमेल पत्ता विचारतो. नाव म्हणजे समोरच्याला दिसणारं नाव, तेव्हा 'एबीसी १२३' लिहू नका. मराठीत लिहिलंत तरी चालतं, पण बँकेशी आणि सरकारी कचेऱ्यांशी पत्रव्यवहार असेल तर इंग्रजी अक्षरांत बरं. पत्ता टाकला की सर्व्हरची माहिती तो स्वतः शोधतो. आयमॅप आणि पॉप असे दोन पर्याय दाखवले तर आयमॅपवरची खूण तशीच राहू द्या. मग गुगलची खिडकी उघडेल, परवानगी द्या. झालं.

हाताने माहिती भरायची वेळ आलीच, तर जीमेलसाठी: येणाऱ्या मेलचा सर्व्हर आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३. जाणाऱ्या मेलचा एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५. दोन्हीकडे सुरक्षा एसएसएल.

आता एक सावधानता. थंडरबर्ड लगेच सगळ्या मेल कॉम्प्युटरवर उतरवायला लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाचा दीड जीबी तासाभरात संपेल. एक तर वायफाय असताना करा, किंवा अकाउंट सेटिंग्जमध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' उघडून फक्त अलीकडच्या काही दिवसांच्या मेल उतरवायला सांगा. आणि त्याच पानावर खाली 'डिस्क स्पेस' म्हणून एक भाग आहे. तिथे जुन्या मेल काढून टाकायचे पर्याय आहेत. त्यांना हात लावू नका. वाटतं की कॉम्प्युटरवरची जागा मोकळी होईल, पण ते सर्व्हरवरची मूळ मेलही कायमची पुसतात. 'काहीही काढू नका' हीच मुळातली खूण आहे, ती तशीच ठेवा.

जीमेलवाल्यांना आणखी एक गोष्ट चक्रावते. एकच मेल इनबॉक्समध्ये दिसते आणि 'ऑल मेल'मध्येही. लोकांना वाटतं दोन प्रती झाल्या, आणि ते 'ऑल मेल' साफ करायला घेतात. प्रत एकच आहे. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, आणि थंडरबर्ड त्या चिठ्ठ्यांना फोल्डर म्हणून दाखवतो. 'ऑल मेल'मधून कचऱ्यात टाकलेली मेल सगळीकडूनच जाते.

तिसरी पायरी: पहिल्या दिवशीच करायची कामं

देवनागरी नीट दिसू द्या. सेटिंग्जमध्ये 'जनरल'खाली फॉन्टचा भाग आहे, तिथे 'ॲडव्हान्स्ड' दाबून लिपींच्या यादीत देवनागरी निवडा. विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल, लिनक्सवर लोहित किंवा नोटो. आकार १८ ठेवा, डोळे दुवा देतील. जुन्या मेल उघडल्यावर मराठीच्या जागी चिन्हांची खिचडी दिसली तर कारणं दोन असू शकतात. एक, अक्षरांच्या सांकेतिक मांडणीचा घोळ. 'व्ह्यू' मेन्यूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे, ते करून बघा. दोन, ती मेल युनिकोडच्या आधीच्या काळातली, शिवाजी किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली. तिला काही दुखलेलं नाही. तो फॉन्ट असेल तर वाचता येते, नाहीतर रूपांतर करणारं साधन वापरावं लागतं.

बाहेरची चित्रं थंडरबर्ड आपणहून दाखवत नाही, वर एक पट्टी येते. ती त्रासदायक वाटते म्हणून कायमची बंद करू नका. जाहिरातवाल्यांच्या मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं ठिपक्याएवढं चित्र असतं. ते उघडलं की पाठवणाऱ्याला कळतं: हा पत्ता जिवंत आहे, या माणसाने मेल या वेळी वाचली. ओळखीच्यांपुरती परवानगी द्या. दुव्यावर क्लिक करण्याआधी माउस नुसता त्यावर धरा. खाली डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. बँकेच्या नावाची मेल आणि खाली भलतंच काहीतरी दिसत असेल, तर समजून जा.

उत्तर लिहायला घेतलं की कर्सर जुन्या मजकुराच्या खाली जातो. जुन्या मंडळींची शिस्त ती होती, आता कोणी पाळत नाही आणि समोरच्याला वाटतं तुम्ही रिकामी मेल पाठवली. अकाउंट सेटिंग्जमध्ये 'कंपोझिशन अँड ॲड्रेसिंग'मध्ये जाऊन उत्तर वर सुरू होईल असं करा.

आणि हे माझं लाडकं. मेलमध्ये 'अटॅचमेंट' असं लिहिलं आणि फाइल जोडायची राहिली, तर थंडरबर्ड विचारतो, "विसरलात का?" पण तो इंग्रजी शब्द शोधत असतो. सेटिंग्जमध्ये 'कंपोझिशन'मध्ये अटॅचमेंटच्या भागात 'कीवर्ड्स' आहे. तिथे 'सोबत जोडले आहे', 'जोडत आहे', 'सोबत पाठवतो' असे आपले शब्द घाला. तुम्ही नेहमी जसं लिहिता अगदी तसेच. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त न जोडता चाळीस जणांना मेल गेली की काय होतं हे ज्याला माहीत आहे, तो हे लगेच करील.

आलेल्या मेल आपोआप वेगवेगळ्या फोल्डरांत टाकायचे नियम थंडरबर्डमध्ये बनवता येतात. वीजबिल इकडे, बँक तिकडे. पण ते तुमचा कॉम्प्युटर चालू असतानाच काम करतात. खातं जीमेलचं असेल तर नियम जीमेलमध्येच बनवा. ते सर्व्हरवर चालतात, कॉम्प्युटर बंद असला तरी फोनवर मेल लावलेल्या दिसतात. नको असलेल्या मेल मात्र थंडरबर्डला शिकवाव्या लागतात. आठवडाभर न कंटाळता 'जंक'ची खूण करत राहा, मग तो शिकतो.

चौथी पायरी: जुन्या मेल आणणं

जुनं खातं आयमॅपचं असेल तर काही आणायचंच नाही. ते सर्व्हरवर आहे, जोडलं की आलं.

जुन्या प्रोग्रॅमच्या पोटात अडकलेल्या मेल हे खरं काम. जुना प्रोग्रॅम अजून उघडत असेल तर सगळ्यांत खात्रीचा रस्ता असा: त्याच प्रोग्रॅममध्ये तुमचं आयमॅप खातं जोडा, त्यात 'जुन्या' नावाचा फोल्डर करा आणि अडकलेल्या मेल माउसने ओढून त्यात टाका. त्या सर्व्हरवर चढतात आणि थंडरबर्डमध्ये आपोआप उतरतात. वेळ लागतो. रात्रभर चालू ठेवा, पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्याने टाका आणि सर्व्हरवर तेवढी जागा आहे का ते आधी बघा.

विंडोज लाइव्ह मेल एकेका मेलची सुटी ईएमएल फाइल ठेवत असे. त्या फाइली सरळ उचलून थंडरबर्डच्या फोल्डरवर टाकता येतात. पैसे देऊन घेतलेलं जुनं आउटलुक त्याच मशीनवर असेल तर 'टूल्स'मधलं 'इम्पोर्ट' त्यातून ओढून घेतं. बाकी गोष्टींसाठी 'इम्पोर्ट-एक्स्पोर्ट टूल्स एनजी' नावाचं फुकट ॲड-ऑन आहे, थंडरबर्डच्या आतूनच मिळतं.

पाचवी पायरी: घरातली प्रत

जीमेलची जागा भरली म्हणून जुन्या वर्षांच्या मेल थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये हलवता येतात. त्या तुमच्या डिस्कवर येतात. 'ऑल मेल'मध्ये उरल्या असतील तर तिथूनही कचऱ्यात टाकल्या, की सर्व्हरवरून निघतात. चांगली सोय आहे. पण त्या क्षणापासून तुम्ही पुन्हा माझ्या मावशीच्या जागी आहात: प्रत एकच, आणि तीही एका डिस्कवर. म्हणून हलवण्याआधी बॅकअपची सोय करा, नंतर नव्हे.

बॅकअप असा. 'हेल्प'मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा, तिथे 'प्रोफाइल फोल्डर'समोर 'ओपन फोल्डर' आहे. जो फोल्डर उघडेल त्यातच तुमचं सगळं आहे: मेल, पत्ते, सेटिंग्ज. जागा लक्षात ठेवा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा, आणि मग तो अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी करा. चालू असताना केलेली कॉपी अर्धवट असू शकते. महिन्यातून एकदा पुरे. वीजबिल भरता त्याच दिवशी करा, विसरणार नाही. त्याच फोल्डरमध्ये तुमचे साठवलेले पासवर्डही असतात, तेव्हा तो पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात घेऊन जाऊ नका.

एका फोल्डरची एक फाइल, हे वर सांगितलं. त्याची एक काळी बाजू आहे. इनबॉक्सच्या फाइलमध्ये एका मेलबरोबर व्हायरस आला आणि अँटिव्हायरसने ती फाइलच उचलून कोंडली, तर अख्खा इनबॉक्स दिसेनासा होतो. आयमॅप असेल तर पुन्हा उतरतो. लोकल फोल्डर असेल तर बॅकअपच उपयोगी. त्यामुळे अँटिव्हायरसला प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये परस्पर काही काढू नको म्हणून सांगून ठेवा, आणि सगळं एकाच फोल्डरमध्ये कोंबण्याऐवजी वर्षावार फोल्डर करा. मधूनमधून फोल्डरवर उजवं बटण दाबून 'कॉम्पॅक्ट' करा. डिलीट केलेल्या मेल फाइलमध्ये तशाच पडून असतात, त्या तेव्हा खऱ्या अर्थाने जातात.

घरात चौघं, कॉम्प्युटर एक

थंडरबर्डला 'प्रायमरी पासवर्ड' लावता येतो, आणि अनेकांना वाटतं की आता आपल्या मेल कुलपात गेल्या. तसं नाही. तो पासवर्ड साठवलेल्या पासवर्डांचं रक्षण करतो. आधीच उतरलेल्या मेल तरीही वाचता येतात. खासगीपणा हवा असेल तर विंडोजमध्येच प्रत्येकाचं वेगळं खातं करा, त्याला पासवर्ड लावा, आणि प्रत्येकाने आपापल्या खात्यात थंडरबर्ड उघडावा. बाबांच्या मुदत ठेवीच्या पावत्या आणि मुलीच्या नोकरीच्या मुलाखती मग एकमेकांत मिसळत नाहीत.

जुना प्रोग्रॅम मात्र लगेच अनइन्स्टॉल करू नका. महिनाभर दोन्ही राहू द्या. त्या महिन्यात २०१२ ची एखादी मेल शोधून बघा, पीडीएफ उघडून बघा, स्वतःलाच मराठीत एक मेल पाठवून फोनवर नीट दिसते का बघा, आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून त्यातल्या फाइली खरंच आहेत ना तेही बघा. मगच जुन्याला निरोप द्या.